तेलावर सोडलेले पाणी

मराठीत ‘तेल सोडणे’ या शब्दांना दोन अर्थ आहेत. घावन तव्यावर पसरला की त्याच्या कडेने तेल सोडतात. आणि डॉक्टरांनी सांगितले की माणूस तेल सोडतो. पहिल्या वाक्यात तेल येते, दुसऱ्यात जाते. मुरबाड-शहापूरकडच्या गावांत आणखी एक, तिसरा अर्थ चालतो. कोणी क्षेत्राला जाऊन येते किंवा घरातल्या कोणाच्या जिवावर बेतते, तेव्हा देवाला सांगून खाण्यातला एक जिन्नस सोडतात. ओंजळीत पाणी घ्यायचे, जिन्नसाचे नाव मनात घ्यायचे आणि पाणी खाली सोडायचे. त्यानंतर तो जिन्नस जन्मभर तोंडात घालायचा नाही. व्यवहारी माणसे कारले सोडतात. आमच्या वडिलांनी सफरचंद सोडले होते. त्याआधी त्यांनी ते फारसे खाल्ले असेल असे वाटत नाही.

माझ्या थोरल्या बहिणीने तेल सोडले.

तिचे सासर टोकावड्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. खाली भाताची खाचरे आणि वर माळावर खुरासणी. खुरासणीचे बी काळे, बारीक, तिळापेक्षा थोडे लांबट असते. पाऊस ओसरला की माळ तिच्या फुलांनी पिवळा होतो. बी झोडून, पाखडून घाण्यावर नेले की वर्षाचे तेल घरी येई. उरलेल्या बियांची लाल मिरची घालून चटणी व्हायची. ताईच्या घरात याच तेलाची फोडणी, हेच डोक्याला, हेच पायांच्या भेगांना, हेच तान्ह्या मुलांच्या अंगाला. मुलगा मुरबाडच्या कारखान्यात जातो, सून घरी असते. मी ठाण्याच्या एका वर्तमानपत्रात बरीच वर्षे डेस्कवर होतो. आता शहापुरात राहतो आणि तालुक्याच्या पानासाठी बातम्या लिहितो.

भावजींना हृदयविकाराचा झटका आला तो भातकापणीच्या तोंडावर. आधी मुरबाडला नेले, तिथून कल्याणला. चार दिशांनी नळ्या लावलेले भावजी शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा बोलले ते कापणीबद्दल. घरी सोडण्याच्या दिवशी डॉक्टर खाटेजवळ आले. ते तरुण होते आणि रात्रपाळी करून थकलेले दिसत होते. ताई स्टुलावर बसली होती, मी भिंतीला टेकून उभा होतो.

डॉक्टर म्हणाले, “काका, आता तेल सोडा.”

ताई उठली आणि बाहेर गेली.

डॉक्टरांचे बोलणे पुढे चालू राहिले. सोडा म्हणजे अगदी बंद नाही, ते म्हणाले. तळलेले नको, पुन्हा पुन्हा तापवलेले तेल नको. घरच्या फोडणीपुरते चालेल. मूठभर शेंगदाणे चालतील, मासे चालतील. शरीराला थोडे तेल लागतेच. भावजी मान हलवत होते. दाराच्या चौकटीतून बाहेरचा नळ दिसत होता. ताईने नळाखाली ओंजळ धरली, क्षणभर डोळे मिटले आणि पाणी बेसिनमध्ये सोडले. ती हात धुते आहे असे मला वाटले.

ती आत आली तेव्हा डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले होते.

हे सोडणे तिने कोणाला सांगितले नाही. सांगितले तर फळ जाते, अशी समजूत आहे. पहिल्यांदा सुनेच्या लक्षात आले. सासऱ्यांची भाजी बेताच्या तेलात व्हायची आणि सासूबाई आपला वाटा फोडणीआधीच पातेल्यातून काढून घ्यायच्या. भावजींनी विचारले तेव्हा ताई म्हणाली, “माझं पथ्य हाय.”

“झटका मला आला गो. पथ्य तुझं कसं?”

“तुमी तुमचं बघा.”

तेल सोडले म्हणजे नेमके काय काय सोडले, हे तिचे तिलाही सुरुवातीला ठाऊक नव्हते. ते हळूहळू ठरत गेले. आधी नुसती फोडणी गेली. मग ज्यातून तेल निघते ते सगळे गेले, म्हणजे खुरासणीची चटणी, शेंगदाणे, तीळ, नारळ. म्हैस आधीच विकलेली होती, त्यामुळे दूधतुपाचा प्रश्न आलाच नाही. सुकट भाजताना तव्याला चकाकी येते हे दिसल्यावर सुकट गेली. शेवटी डोक्याचे तेल गेले, कारण डोक्यावर घातलेले अंगात मुरते. भात, नाचणीची भाकरी, डाळीचे पाणी, मिठात शिजवलेला पाला एवढे तिचे जेवण राहिले. ती तक्रार करत नसे. जेवण लवकर आटोपते, एवढेच म्हणायची.

त्या हिवाळ्यात तिची कातडी कोरडी पडू लागली. थंडीत शेतकऱ्याच्या बाईचे पाय फुटतात, त्यात बातमी काही नाही. पण उन्हाळा आला तरी पोटऱ्यांवरचा पांढरा कोंडा गेला नाही. पुढे तो हातांवर आला. नखाने ओढले की माशाच्या खवल्यासारखी साले निघायची. कोपरे काळवंडून जाड झाले. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. लावणीच्या वेळी चिखलात हात घातल्यावर त्या झोंबायच्या आणि ती ओठ आत ओढून काम करायची. बारीक खरचटलेलेसुद्धा भरून यायला वेळ लागत होता. केस चिपाडासारखे झाले. अंग सतत खाजायचे. भावजींशी बोलता बोलता ती दाराच्या चौकटीला पाठ घासायची आणि ते म्हणायचे, “म्हैस विकली, पण सवय ऱ्हायली.”

भावजी मात्र तजेलदार दिसत होते. गालांवर चकाकी आली होती. त्याचे कारण मला कळले ते टोकावड्याला. मी मुरबाडहून येणाऱ्या बसमधून उतरलो तर ते रस्त्याकडेच्या ढाब्यावर बसले होते. समोर कागदावर कांदाभजी होती, आणि ज्या तेलातून ती निघाली ते कढईत काळे दिसत होते.

“पेपरवाले,” ते म्हणाले, “हे छापायचं नाय.”

“डॉक्टरांनी काय सांगितलंय, भावजी?”

“डॉक्टरनं सांगितलं घरी तेल कमी. मी घरी खातोय का?”

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. मी एक भजे घेतले. ते कडक आणि जुन्या तेलाच्या चवीचे होते.

रेशनच्या दुकानात ताईचा अंगठा लागेना झाला तो पावसाळ्याच्या शेवटी. धान्य घेताना यंत्रावर अंगठा ठेवावा लागतो. यंत्र रेषा वाचते आणि माणूस ओळखते. तिच्या अंगठ्यावर रेषांपेक्षा भेगा जास्त होत्या. दुकानदाराने तिला अंगठा पुसायला लावला, ओला करायला लावला, मग दुसरी बोटे एकेक करून ठेवायला लावली. यंत्र प्रत्येक वेळी जुळत नाही, असेच बोलले. रांगेतली एक बाई म्हणाली, “काकू, तुमी तुमीच हायत का दुसऱ्या कोण?” लोक हसले, ताईही हसली. त्यानंतर धान्य आणायला भावजी जाऊ लागले. त्यांचा अंगठा पहिल्या फटक्यात लागायचा.

लोकांचे हसणे तिथेच थांबले नाही. नळावर तिच्या हंड्याशेजारी हंडा ठेवायला बायका कचरू लागल्या. एकीने सरळ विचारले, “लागतं का गो ते?” एका हळदीला नवरीच्या अंगाला हात लावायच्या आधी तिला कोणीतरी खुर्ची दिली आणि प्रेमाने सांगितले, तू बस, तुला त्रास व्हईल. हळदीत तेल असते, त्यामुळे तिने तशीही ती लावली नसती. पण बसायला सांगितले गेले, हे ती विसरली नाही.

सुनेला दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तेव्हा मी बघायला गेलो होतो. पहिल्या नातवाला ताईने महिनोन्‌महिने पायांवर घेऊन चोळले होते. या वेळी ती फक्त पाणी तापवत होती. तेलाची वाटी सुनेच्या हातात होती. ताई चुलीपाशी पाठ करून बसली होती, पण मान वळवून बघत होती. “पोटाकडून वर नको, वरून खाली,” एवढे मधूनच सांगत होती. अंघोळ झाल्यावर सून कपडे आणायला उठली आणि पोर रडायला लागली. ताईने तिला उचलले, छातीशी धरले, तळहाताने गाल थोपटला. पोर अधिकच रडली. सून परत आली तेव्हा गालावर बारीक लाल ओरखडे उठले होते, झुडपात शिरल्यावर उठतात तसे.

सून म्हणाली, “राहू द्या आई, मी घेते.” तिने आवाज चढवला नव्हता.

भावजींनी वातावरण हलके करायला म्हटले, “तुझ्या हातावर नारळ किसता येईल गो.”

“किसा,” ताई म्हणाली. “मला खायचा नाय.”

त्यानंतर ती हात पदराखाली ठेवून बसली. जाताना मी म्हटले की शहापुरात कातडीची एक डॉक्टरीण आहे, तिच्याकडे जाऊ. तिने नाही म्हटले नाही. आजवर ती प्रत्येक वेळी नाही म्हणत आली होती.

डॉक्टरीणबाई याच भागातल्या होत्या, शेणव्याकडे त्यांचे आजोळ होते. त्यांनी ताईचे हात भिंगाखाली पाहिले, पोटऱ्या पाहिल्या, केस ओढून पाहिले. नायटा नव्हता. साखर, थायरॉइड आणि रक्त तपासायला सांगितले. त्यांतून काही हाती लागले नाही. दुसऱ्या खेपेला त्यांनी विचारले, “जेवता काय?” ताईने सांगितले. त्यांनी पुन्हा विचारले, “आणि तेल?” ताई हातांकडे बघू लागली. मी उत्तर दिले.

मग त्यांनी कागदावर एक चौकट काढली. कातडीचा वरचा थर म्हणजे कूड, कारवीच्या काठ्यांची भिंत समजा, त्या म्हणाल्या. नुसत्या कारव्या उभ्या केल्या तर वारा आत येतो. तो थांबतो लिंपणाने. कातडीचे लिंपण स्निग्ध पदार्थांचे असते. त्यातले काही शरीर स्वतः बनवते, काही त्याला बनवता येत नाहीत. ते खाण्यातूनच आत जातात. ते गेले नाहीत की लिंपण निखळते, अंगातले पाणी उडून जाते, कातडी फुटते, खाजते, जखम लवकर भरत नाही. “हे एकच कारण आहे असं मी छातीठोक सांगणार नाही. वय आहे, थंडी आहे, कपड्यांचा साबण आहे. पण आधी हे करून बघू. आणि तुमच्या घरचं खुरासणीचं तेल यासाठी चांगलं आहे. दुसरं आणायला नको.”

“खायचं?” ताईने विचारले.

“रोज दोन-तीन चमचे, जेवणातून. चटणी खा, शेंगदाणे खा.”

“आणि सोडलेलं परत घेतलं तर?”

“काय होणार? बरं वाटेल.”

“माझं नाय विचारत. त्यांना काय व्हईल?”

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिले. कल्याणच्या दवाखान्यातला नळ मला तेव्हा आठवला आणि ओंजळीचा अर्थ लागला. मी तो बाईंना सांगितला. त्यांनी कागद बाजूला ठेवला. नंतर म्हणाल्या, “मावशी, त्यांचं हृदय त्यांच्या छातीत आहे. तुमच्या ताटात नाही.”

“तुमी शिकलेल्या,” ताई म्हणाली. त्यात टोमणा नव्हता.

लावायला एक मलम लिहून दिले होते. औषधाच्या दुकानात तिने विचारले, हे कशाचे आहे. दुकानदाराने डबी फिरवून पाहिली आणि म्हणाला, पेट्रोलसारखंच, जमिनीतल्या तेलातून काढतात. तिने डबी परत दिली. “म्हणजे तेलच.” शेवटी ग्लिसरीनवर तडजोड झाली. ते पाण्यात मिसळून लावले की खाज थोडी कमी व्हायची आणि भेगा झोंबायच्या.

मी ही गोष्ट भावजींना सांगितली, कारण त्यांच्यावाचून ती सुटणार नव्हती. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, “म्हशाच्या जत्रेला जाऊ. देवालाच विचारू. तो सोडवील तिला.”

मुरबाडजवळच्या म्हसा गावची ही जत्रा पौषात भरते. त्या वर्षी थंडी चांगलीच होती. बैलांच्या बाजाराची धूळ अंगावर घेत आम्ही तिघे देवळाकडे गेलो. घोंगड्यांच्या ढिगांपाशी ताईने एका घोंगडीला हात लावला आणि तो लगेच मागे घेतला, लोकर भेगांत अडकत होती. देवळाच्या दाराशी भावजी आणि मी थांबलो. ती एकटी आत गेली. गर्दीच्या मानाने बराच वेळ आत राहिली. बाहेर आली तेव्हा भावजींनी विचारले, “काय म्हटला?”

“विचारलं नाय.”

“अगो, त्यासाठीच आलो ना आपण?”

“हो म्हटला असता तर?”

भावजींना हे कळले नाही. मलाही क्षणभर कळले नाही. देवाने हो म्हटले असते तर तिला खावे लागले असते. आणि मग जे होईल त्याची जबाबदारी तिच्याकडेच आली असती.

आम्ही झाडाखाली बसलो. समोर एका मोठ्या कढईत भजी तळली जात होती. भावजी तिकडे बघत नव्हते, आणि ते बघत नव्हते हे दिसत होते.

“मी एक सांगू का,” ते म्हणाले. “तू माझ्यासाठी सोडलंस. पण मी खातोय. टोकावड्याला खातोय, मुरबाडला गेलो का तिथं खातोय. मला काय झालं? काय बी नाय. मग तू कशाला?”

ताई म्हणाली, “तुमी खाता ते मला म्हायत नाय व्हय? तुमच्या बोटांना वास येतो.”

“मग?”

“तुमी खाता म्हणून तर मला खाता येत नाय.”

भावजी तिच्या हातांकडे बघत राहिले. तिने ते नेहमीप्रमाणे पदराखाली घेतले. मी वर्षानुवर्षे लोकांची विधाने उतरवून घेतली आहेत. इतके नेमके विधान मला क्वचितच मिळाले.

भावजींनी पाण्याची बाटली उघडली. ओंजळीत पाणी घेतले, देवळाकडे तोंड केले आणि पाणी धुळीत सोडले. “घे,” ते म्हणाले. “मी भजी सोडली. भजी, वडा, जिलबी, बाहेरचं समदं. आता तू तुझं तेल घे. फिटंफाट.”

“असं फिटत नसतं.”

“फिटतं. मी सांगतो.”

“तुमी देव लागून गेलात.”

“नवरा हाय. तुझ्या पोथीत त्येच लिवलंय.”

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, आणि ओठाला भेग असल्याने लगेच तोंड मिटून घेतले. घरी गेल्यावर तिने काही ठरवून सांगितले नाही. पण सुनेने मला नंतर सांगितले की दोन-तीन दिवसांनी तिने उखळात खुरासणी कुटली, मिरची घातली, आणि पहिली चिमूट भाकरीवर घेऊन ती तशीच बसून राहिली. भावजी समोर होते. ते आपल्या छातीवर हात ठेवून म्हणाले, “बघ, चालू हाय.” मग तिने खाल्ले.

मी शिमग्याच्या सुमारास गेलो तेव्हा फरक डोळ्यांना दिसत होता. कोंडा कमी झाला होता. पोटऱ्यांची कातडी अजून खरखरीत होती पण फुटलेली नव्हती. पेरांच्या भेगा मिटून तिथे फिकट रेघा राहिल्या होत्या. केसांना तेल होते. तिने दोन्ही हात उलटसुलट करून मला दाखवले. मग पाय पसरून बसली, नातीला त्यांवर घेतले आणि चोळायला लागली. वरून खाली. पोर हातपाय झाडत होती आणि रडत नव्हती. भावजी ओटीवरून म्हणाले, “पेपरवाले, हे छाप. नवऱ्यानं भजी सोडली, बायको गोरी झाली.”

“गोरी कुठं,” ताई म्हणाली. “होती तशी झाली.”

त्या भेटीतले माझ्याकडे एवढेच आहे.

भावजी गेले ते राबाच्या कामात. भाताचे रोप टाकायच्या आधी त्या तुकड्यावर पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. ते फांद्यांचा भारा घेऊन उतरत होते. मोहाच्या झाडाखाली त्यांनी भारा टेकवला आणि त्याला पाठ लावून बसले. दुपारची वेळ होती. मोहाची फुले वेचायला आलेल्या बायकांनी त्यांना हाक मारली. झोप लागली असेल असे त्यांना वाटले. त्यांच्या खांद्यावर आणि टोपीवर मोहाची फुले पडली होती.

मी पोचलो तेव्हा ताई भिंतीला टेकून बसली होती. ती रडत नव्हती. तिने दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवले होते आणि त्यांच्याकडे बघत होती. मी शेजारी बसल्यावर तिने ते मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी टोकावड्याचा ढाबेवाला भेटायला आला. त्याने आपल्या परीने मेलेल्या माणसाचे चांगले सांगितले. “काका शब्दाचे पक्के,” तो म्हणाला. “जत्रेपासून माझ्याकडं एकदा पण खाल्लं नाय. रस्त्यानं जायचे, हात करायचे, थांबायचे नाय. मी म्हटलं एक प्लेट माझ्याकडून, तरी नाय.”

ओटीवरच्या लोकांनी माना हलवल्या. ताई आत दाराशी होती. तिने ऐकले.

तो गेल्यावर ती मला म्हणाली, “त्यांनी पाळलं.”

मी तिला सांगितले. रक्तवाहिन्या आधीच खराब झाल्या होत्या. पहिल्या झटक्यानंतर डॉक्टरांनी हृदयाचा बराच भाग कमजोर झाल्याचे सांगितले होते. उन्हात ओझे उचलायला त्यांना मनाई होती आणि ते उचलत होते. त्याआधीच्या वर्षभराची भजी होतीच. तिच्या चटणीचा यात कुठेही संबंध नाही. डॉक्टरीणबाईंना फोन लावून दिला, त्यांनीही तेच सांगितले. ताईने दोघांचेही पूर्ण ऐकले.

“तुमचं बरोबर हाय,” ती म्हणाली. “पेपरात तसंच लिही. त्यांनी पाळलं नि मी नाय पाळलं, एवढं नको लिहू.”

सुतकात घरात फोडणी नसते. डोक्याला तेल नसते. ते दिवस तिला नवे नव्हते; इतर बायका बेचव अन्न खाली ढकलत होत्या, ती सवयीने जेवत होती. तेराव्याला कढई चढली. तांदळाच्या पिठाचे वडे तळायला घेतले, तेलाचा वास घरभर झाला. घरातल्या बाईने पहिला वडा खाल्ल्याशिवाय बाकीचे हात लावत नाहीत. शेजारच्या म्हातारीने तो ताईच्या पानात वाढला आणि लगेच तिला ताईचे पथ्य आठवले. ती वडा उचलायला लागली. “ऱ्हाऊ दे गो, तुझं ते…”

“ऱ्हाऊ दे पानात,” ताई म्हणाली. “आता कुणासाठी सोडू?”

तिने वडा मोडला. बोटांना तेल लागले. सगळ्या बायका बघत होत्या. तिने तो पूर्ण संपवला, पाणी प्यायली आणि पान उचलून मागच्या दाराने गेली.

ती आता सगळे खाते. सून भाजीत तेल घालताना विचारत नाही. माळावर खुरासणी आता दुसरे लोक वाट्याने पेरतात, घाण्यावर मुलगा जातो. नात चालायला लागली आहे, तिला आता चोळायची गरज नसते, पण ती कधी कधी स्वतःच येऊन आजीच्या पायांवर आडवी पडते. ताईची कातडी तिच्या वयाच्या बाईची असावी तशी आहे. डॉक्टरीणबाईंनी शेवटच्या खेपेला हात पाहून हसून समाधान व्यक्त केले आणि परत यायची गरज नाही म्हणून सांगितले. बाहेर पडल्यावर ताईने विचारले, “त्या का हसल्या?” मी म्हटले, गुण आला म्हणून. 

मागच्या पावसाळ्यात मी तिच्याबरोबर रेशनच्या दुकानात गेलो होतो. शिधापत्रिकेवरून भावजींचे नाव कमी झाले होते. मुलगा पाळीवर होता, म्हणून ती स्वतः आली होती. रांगेत ती छत्रीखाली उजवा हात पदराला पुसत उभी होती. पाळी आल्यावर दुकानदाराने सवयीने म्हटले, “काकू, तुमचा लागणार नाय, सुनेला पाठवा.”

“बघा तर,” ती म्हणाली.

तिने अंगठा काचेवर ठेवला. यंत्राने आवाज केला आणि हिरवा दिवा लागला. पहिल्याच फटक्यात लागला. दुकानदार म्हणाला, “अरे वा,” आणि मापाला लागला.

ताई अंगठ्याकडे बघत राहिली. मागच्या बाईने तिला सरकायला सांगितले तेव्हा ती बाजूला झाली. पिशवी मी घेतली. रस्त्याला लागल्यावर तिने तो हात पदराखाली घेतला. मग म्हणाली, “लागत नव्हता तवा बरं होतं.”